झेनेबूचा तिसरा कप

इथिओपियातल्या गोंदरच्या त्या चढाच्या गल्लीत घड्याळं घरोघरी होती, पण दुपार झाल्याचं कळायचं ते झेनेबूच्या खिडकीवरून. तव्यावर कॉफीच्या हिरव्या बिया तडतडल्या आणि धूर खिडकीबाहेर पडला, की बायका हातातलं काम टाकून, शाली सावरत निघायच्या. धुणं भिजत पडो, नवरा उपाशी राहो. बोलावणं आल्यावर कॉफीला न जाणं म्हणजे भांडण झाल्याचं जाहीर करण्यासारखंच होतं.

झेनेबू साठीतली विधवा. मुलगी दूर राजधानीत, आदिसला. घरात ती, एक कोंबडी आणि कॉफी उकळायची लांब मानेची काळी मातीची सुरई. "नवऱ्याला या सुरईइतकं जपलं असतंस, तर तो अजून असता," असं शेजारीण मामिते तिला तोंडावर म्हणायची. मामिते बोलू लागली की कोंबडीसुद्धा गप्प बसे.

गेले काही महिने मात्र झेनेबूचं काळीज रात्री ढोल वाजवू लागलं होतं. झोप तर रुसून माहेरी निघून गेली होती. मामितेच्या मते ही बाहेरची बाधा होती. म्हातारे बेलाचेव, जे बसचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून न बोलावता कॉफीला येत, ते म्हणाले, "इंजिन जुनं झालं." शेवटी झेनेबू गुपचूप दवाखान्यात गेली.

"कॉफी किती घेता, एत्ये?" नर्स लेमलेमने विचारलं. वडीलधाऱ्या बाईला तिथे एत्ये म्हणतात.

"घेते आपली थोडी. एकदा."

"म्हणजे एक कप?"

झेनेबूला पोरीची कीव आली. "अगं, एकदा म्हणजे तीन कप. पहिला अबोल, दुसरा तोना, तिसरा बेरेका. बेरेका न घेता उठलं तर आशीर्वाद राहून जातो. आईने काही शिकवलं की नाही तुला?"

"शिकवलं. पण दिवसातून एकदाच ना?"

"माझ्या घरी एकदाच. सकाळी मामितेकडे, संध्याकाळी समोरच्या घरी. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

लेमलेम बोटांवर मोजत होती, तिने तो नाद सोडला आणि दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाब चढलेला होता. "गोळ्या देते. पण ही कॉफी तुमच्या काळजाला दिवसभर चाबूक मारतेय, एत्ये. झोपही तीच पळवते. कमी करा. पण एकदम नाही हं, हळूहळू..."

हळूहळू ऐकायला झेनेबू होती कुठे? ती गोळ्या घेऊन चढ चढू लागली होती. अर्धवट काही करणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

त्याच दुपारी तिने रोजच्यासारखं जमिनीवर ताजं गवत पसरलं, ऊद जाळला, बिया भाजल्या, कुटल्या, मक्याच्या लाह्या ठेवल्या. सगळ्यांचे कप भरले. स्वतःचा पालथा ठेवला.

मामितेचा कप ओठांपाशी थांबला. "तुझा?"

"मला नको आज."

मामितेने कप खाली ठेवला. मग बाकीच्यांनीही. जी बाई स्वतःची कॉफी स्वतः पीत नाही, तिने त्यात काय घातलंय ते तिलाच ठाऊक.

"मी तर प्यालो," बेलाचेव क्षीण आवाजात म्हणाले.

खरं कारण सांगणं सोपं होतं. पण झेनेबूला वेगळीच भीती होती. कॉफी सुटली म्हटल्यावर हे लोक दुसऱ्या घरी जमतील. मग तिच्या दारात येणार कोण? मुलीचा फोन रविवारी यायचा. बाकीचे दिवस या धुराच्या जोरावर भरलेले होते.

तिने भरलेले कप उचलले. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडलीच नाही. डोकं असं ठणकत होतं, जणू आत कुणी खलबत्ता चालवतंय. तिसऱ्या दिवशीही तेच. बिनधुराची ती खिडकी बघून गल्लीला चैन पडेना. मामिते आधी रागावली, मग घाबरली, आणि बाधा उतरवायला सतापाची डहाळी व चर्चमधलं पवित्र पाणी घेऊन दारात उभी राहिली. झेनेबूचा उतरलेला चेहरा पाहिला आणि थेट दवाखान्याकडे पळाली.

लेमलेमने येऊन कपाळाला हात लावला. "ताप नाही. एत्ये, इतक्या वर्षांची सवय एका दिवसात तोडलीत. शरीर कॉफी मागतंय, म्हणून डोकं ठणकतंय. थोडी थोडी कमी करायची होती."

"म्हणजे विष नव्हतं?" मागोमाग आलेल्या बेलाचेवांनी विचारलं. "मी दोन रात्री पोटावर हात ठेवून झोपलोय."

मामिते झेनेबूच्या पायांशी बसली. "इतकंच होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आला असतात?"

 मामिते उठली, चूल पेटवली आणि तवा चढवला.

महिनाभरात झेनेबू एका छोट्या कपावर आली. तोही दुपारचाच. कोणता घ्यायचा यावर गल्लीत वाद झाला.

"अबोल घे," मामिते म्हणाली. "पहिला, दाट. कॉफी म्हणायची तर तीच."

"अबोल पिऊन पुढे काय करू? तुमची तोंडं बघू?"

तिने तिसरा निवडला. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून उकळलेला, फिका, जो लोक नुसत्या आशीर्वादापुरता ओठांना लावत. पहिल्या दोन फेऱ्यांना ती तव्यावरचा धूर ओंजळीने ओढून घेई आणि सगळ्यांचे कप भरी.

झोप हळूहळू माहेराहून परतली, काळजातला ढोलही मंदावला. पूर्वी तिसरा कप घाईघाईने रिचवून मंडळी उठायची. आता झेनेबू तो इतका सावकाश पिते, की उठायची सोय नाही.

"कशी झालीय, झेनेबू?" बेलाचेव चुळबुळत विचारतात.

"पाण्यासारखी," ती म्हणते आणि कप दोन्ही हातांत धरून बसते. "बसा, अजून संपली नाही."