बाजाराची गोळी

मी सकाळी वेळेवर उठते, बोटं उठत नाहीत. चहाचं आधण ठेवायचं तर गॅसचं बटण फिरवायला दोन्ही तळहात लागतात, आणि दुधाची पिशवी मी दातांनी फोडते. ही गोष्ट मी वर्गातल्या मुलांना कधी सांगत नाही, कारण पेन्सिलीचं टोक दातांनी काढलं म्हणून मीच त्यांना ओरडत असते.

मी पांढुर्ण्याच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. संधिवात म्हणजे म्हातारपणी गुडघे दुखतात तो, असं मलाही वाटायचं. माझा हा आमवात, डॉक्टरांच्या भाषेत रुमेटॉइड. हा म्हातारपणाची वाट बघत बसत नाही. चाळिशी उलटते न उलटते तोच एका हिवाळ्यात मनगटं सुजली, बोटांची पेरं सुजली आणि फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातातून पडायला लागला. मुलांना वाटलं, बाई रागावल्या. बाई रागावल्याच होत्या, पण खडूवर.

त्या हिवाळ्यात मला माझी वेणी घालता येईना. ब्लाउजचे हूक, परकराची नाडी, पदराची पिन, सगळं हाताबाहेर गेलं. तेव्हा आई सौंसरहून आली. सौंसर बसने तासाभरावर, पण आई अशी आली की चार महिने परत गेलीच नाही. ती माझे केस विंचरायची, नाडी बांधून द्यायची, आणि फार दुखलं त्या दिवशी घासही भरवायची. मी लाजायचे. ती म्हणायची, "लाजून काय होते? तुले आधी कोण भरवलं होतं, कलेक्टरनं?" आमचा पांढुर्णा नवा जिल्हा झाल्यापासून तिच्या बोलण्यात कलेक्टर फार येतो.

आता मी बरीच सावरले आहे. पेनाला जुन्या साडीची चिंधी गुंडाळून ते जाड करून घेतलं, नळाच्या गोल तोट्या काढून लांब दांड्याच्या बसवल्या, हूक गेले आणि त्यांच्या जागी व्हेल्क्रोची पट्टी आली. कणीक नवरा मळतो. मळतो म्हणजे तिच्याशी त्याचं जुनं वैर असल्यासारखा तुटून पडतो, पण पोळ्या मऊ होतात, म्हणून मी गप्प बसते.

सल्ल्यांचं मात्र काही विचारू नका. उचलली जीभ लावली टाळ्याला. दही सोडा, वांगं सोडा, तांब्याचं कडं घाला. एका बाईंनी तर संत्रं बंद करायला सांगितलं, आंबटानं सांधे धरतात म्हणून. पांढुर्ण्यात राहून संत्रं बंद! हिवाळ्यात ज्याच्या घरी जावं तो बशीत आधी संत्रं सोलून ठेवतो, पाणी नंतर विचारतो. मी नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "संत्री खुशाल खा, गोळ्या चुकवू नका."

गोळ्यांपैकी एक मुख्य. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. डॉक्टरांनी ते तीनदा बजावलं. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल, तेव्हा एक दिवस पक्का ठरवा, लक्षात राहील असा. मी विचार करत होते, तेवढ्यात नवरा म्हणाला, "आमचा बाजाराचा दिवस." हा माणूस लग्नाचा वाढदिवस विसरतो, पण आठवडी बाजार त्याने आजवर चुकवलेला नाही. डॉक्टरांनी कागदावर वार लिहिला. तो कागद आम्ही फाइलला लावला आणि पुन्हा कोणी पाहिला नाही. बाजार होता ना.

तेव्हापासून तिचं नाव पडलं बाजाराची गोळी. नवरा पिशव्या भरून घरी यायचा, भाजी ओट्यावर ओतायचा, जेवण झालं की गोळ्यांच्या पत्तीतून एक काढून माझ्या हातावर ठेवायचा. ही पत्ती म्हणजे दुखणेकऱ्याची परीक्षाच. अंगठ्याने दाबून मागचा कागद फाडायचा, आणि आमच्या दुखण्यात सगळ्यात आधी जातो तो अंगठ्याचा जोर. ज्याने ही पत्ती बनवली त्याचे सांधे ठणठणीत असणार. म्हणून माझ्या सगळ्या गोळ्या दुसऱ्याच्याच हातून यायच्या. पण ती गोळी गुणाची निघाली. दोन-तीन महिन्यांत मी माझी वेणी घालायला लागले. आई सौंसरला परत गेली.

मग दिवाळीच्या सुट्टीत मी भाऊबिजेला सौंसरला गेले आणि राहिले. आमचा बाजार नुकताच झाला होता, गोळी घेऊन झाली होती, डोक्याला ताप नव्हता. नवऱ्याने आईला फोनवर एवढंच सांगितलं, "आई, बाजाराच्या गोळीकडे लक्ष ठेवा." आई असल्या बाबतीत एकदम पक्की. रोज सकाळी वाटीत माझ्या गोळ्या काढून, पाणी घेऊन समोर उभी. मी वर्तमानपत्र वाचत तोंड उघडायचे. आईने दिलेलं कोणी मोजून घेतं का?

आणि सौंसरचा बाजार वेगळ्या वारी भरतो.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझं सगळं लहानपण त्या बाजारात पेरू खात गेलं. आईलाही पांढुर्ण्याचा बाजार कधी असतो ते ठाऊक होतं. पण बाजार म्हटलं की ज्याला त्याला आपलाच बाजार दिसतो. आईने तिच्या बाजाराच्या दिवशी न चुकता गोळी वाटीत टाकली. मग मी घरी आले, आमचा बाजार आला आणि नवऱ्यानेही न चुकता दिली. दोन्हीकडच्या माणसांनी माझी इतकी काळजी घेतली की माझं तोंड सोलवटून निघालं. जिभेवर, गालात, सगळीकडे फोड. दिवाळीचा चिवडा डब्यात आणि मी पातळ भातावर.

नवऱ्याने पत्ती बघितली. गोळी एक कमी. त्याने सौंसरला फोन लावला.

"देल्ली न मी," आई अभिमानाने म्हणाली. "बजाराच्या दिवशीच देल्ली. भुलली नाही."

नवऱ्याने तिला आमच्या बाजाराचा वार सांगितला, तेव्हा तिने फोन वहिनीच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूर गाठलं. रक्त तपासलं, डॉक्टर आधी नवऱ्याला आणि मग मला पोटभर बोलले, आणि गोळी काही आठवडे बंद केली. तोंड बरं झालं, पण हात पुन्हा फुगले. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पुन्हा तो हिवाळा, पुन्हा खडू खाली. पुढचं रक्त चांगलं आलं, गोळी सुरू झाली आणि हळूहळू हातही वळणावर आले. नवऱ्याने फाइलमधला कागद काढून वार मोठ्या अक्षरांत लिहिला आणि फ्रिजवर लावला.

आई मात्र वळणावर येईना. तिने आपल्या हातांवर बहिष्कार टाकला. नंतर मी सौंसरला गेले, तर गोळ्यांची पिशवी तिने माझ्यासमोर सरकवली आणि मागे होऊन बसली.

"तुह्या हातानं काढ, बाई. माह्या हातचं काही घेऊ नको."

"मला निघत नाही, माहीत आहे न तुला?"

"तर वहिनीले सांग."

वहिनीने काढून दिल्या. जेवताना आईने मला वाढलंही नाही. वेणी घालून दे म्हटलं, तर म्हणे, तुह्यी तू घालून राहिली न आता. दुधाने तोंड पोळलं माझं आणि ताक फुंकून पीत होती ती. वर दर आठवड्याला, सौंसरच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी तिचा फोन ठरलेला: "आज आमचा बजार हाय. गोळी घेऊ नको." मी वर्गात असले तरी उचलावा लागायचा, नाहीतर ती शेजाऱ्यांना फोन करायची.

मला तिचा राग यायचा. चार महिने ज्या हातांनी मला उभं केलं, ते हात ती पदराखाली घेऊन बसली होती आणि माझ्याजवळ यायला घाबरत होती. दुखणं माझं, मी त्याच्याशी भांडून भांडून एवढं परत मिळवलं, आणि त्यात आई माझ्या हातची गेली, हे मला मान्य नव्हतं. एकदा मी स्पष्टच बोलले. "गोळीला हे नाव दिलं यांनी, गिळली मी, आणि शिक्षा तू भोगून राहिली. कोणता कायदा आहे हा?" ती उठून आत गेली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

मग मी बेत केला. पुढच्या सुट्टीत पांढुर्ण्याच्या बाजाराच्या दिवशीच सौंसरला राहिले, आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत न थांबता संध्याकाळीच काहीतरी खाऊन पत्ती आईच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, आज आमचा बाजार. वहिनी माहेरी गेली आहे. तू काढशील तर घेईन, नाहीतर नाही.

आईने पत्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"जवाईबापू, तुमच्या इथं आज बजार भरला का?"

"भरला न आई, बाजारातच आहे मी."

"पक्का?"

नवऱ्याने फोन भाजीवाल्यांच्या दिशेने धरला. सौंसरच्या घरात कोथिंबीर आली, मेथी आली, टमाट्यांचा भाव आला, कोणीतरी कोणाला बाजूला हो म्हणून ओरडलं. आईने ते सगळं कान देऊन ऐकलं. मग फोन ठेवला, पदराने हात पुसले आणि अंगठा दाबून गोळी बाहेर काढली. माझ्या तळहातावर ठेवली. मी गिळेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही, आणि मग म्हणाली, "बस इकडं. केस पाह्य तुहे कसे झाले."

आता सुट्ट्या बघून मी मुद्दाम आमच्या बाजाराच्या दिवशी सौंसरला असते. आई आधी फोन करते, बाजार ऐकते, मग गोळी काढते. सकाळ सोडली तर औषधाने अंगठ्यात पुन्हा जोर आला आहे. पांढुर्ण्यात पत्तीतून गोळी मी माझी मीच काढते. सौंसरला मला ती काढता येत नाही.