चिलापीचं पाणी

"तुमचा नाक शिकलेला नाय," असं म्हणून काकू बादली उचलायच्या. समोरचा काय उत्तर देतो ते ऐकायला थांबायच्या नाहीत.

दहिसरला आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या मालवणकडच्या. मागच्या अंगणात सिमेंटच्या दोन टाक्यांत त्यांनी चिलापी मासे पाळले होते. दर आठवड्याला टाकीतलं थोडं गढूळ पाणी काढून वांग्यांना, माठाच्या भाजीला घालायच्या. माशांची घाण झाडांचं खत होते आणि माशांना नवं पाणी मिळतं, एवढी साधी गोष्ट. ती आम्हा पदवीधरांच्या डोक्यात काही शिरली नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी त्यांची वांगी मच्छीच्या पाण्यावरची म्हणून परत पाठवली. शेणखतावरची भाजी मात्र ते मॉलमधून महागात आणत आणि पिशवी सगळ्यांना दिसेल अशी धरून जिना चढत.

मग सभेत वासाची तक्रार आली. सोसायटीच्या सभा तुम्हीही पाहिल्या असतील. एकाला वास आला म्हटल्यावर सगळ्यांना आला. टाक्यांच्या जागेत दोन गाड्या मावतात, हे मात्र कोणी बोललं नाही. टाक्या काढायच्या नोटिशीवर सेक्रेटरी म्हणून माझी सही. त्यांच्याकडचा माठ मी आवडीने खात होतो, तरीही.

नोटीस त्यांनी उभ्यानेच वाचली.

"तुका वास येता?"

"काकू, कमिटीचं म्हणणं..."

"मी तुका इचारतंय."

मी पोचपावतीवर सही कुठे करायची ते दाखवलं.

टाक्या फोडायच्या दिवशी त्यांनी पाणी गटारात सोडू दिलं नाही. बादली माझ्याच हातात दिली. ऑफिसच्या कपड्यांत मी फेऱ्या मारत होतो आणि त्या मागून सांगत होत्या, मुळाशी ओत, पानांवर नको. दोन दिवसांत झाडंही उपटली जाणार होती. मी तसं म्हणालो.

"आज जिती आसत ना?"

मी पुन्हा बादली भरली.

महिनाभरात त्या विरारला मुलीकडे निघाल्या. बरेचसे मासे त्यांनी ओळखीत वाटून टाकले होते. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या, दोन्ही पायांत झाकणाची बादली घट्ट धरून. आत उरलेले चार मासे. आम्ही कमिटीवाले फाटकाशी ओळीने उभे होतो, साहेबांनी तर हातही हलवला. काकूंनी वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरला सांगत होत्या, खड्डा आला की सावकाश घे.