देवीच्या आठव्या हातातला परशु

खंडेनवमीला मशीन पुसून झेंडू बांधायचे पुरुषांनी आणि रांगोळी काढायची आम्ही पॅकिंगच्या बायकांनी, अशी आमच्या पिंपरीच्या कंपनीत वाटणीच होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्हाला दर सहा महिन्यांनी ब्रेक देऊन घरी बसवत. मशीनवरचा माणूस मात्र कायम होई. म्हणून मला ड्रिल मशीनवर घ्या, असा अर्ज मी केला होता. एकदा नाही, तीनदा. फोरमनसाहेब दर वेळी म्हणायचे, ते बाईमाणसाचं काम नव्हे. घरीही सगळे म्हणत, हिला वेड लागलंय. लागू दे.

त्या वर्षी मी पदर खोचून मुद्दाम ड्रिल मशीनच्या पुढ्यातच बसले आणि अष्टभुजा देवी काढायला घेतली. माझे वडील गावी नवरात्रात देवीची पोथी वाचत, त्यामुळे कुठलं शस्त्र कुणाचं ते मला पाठ. त्रिशूळ शंकराचा, चक्र विष्णूचं, वज्र इंद्राचं. आठव्या हातात परशु दिला. कंबर पार मोडली, पण देवी अशी उतरली की दुसऱ्या खात्यातली माणसंसुद्धा बघायला आली.

फोरमनसाहेबही आले. माणूस चांगला, पण भारी हेकट. हा परशु कुठून आला, म्हणाले. मी सांगितलं, विश्वकर्म्यानं दिला. कारागिरांचा देव, म्हणजे आपलाच. मग एकेक शस्त्र कुणी दिलं तेही सांगितलं. ते सगळ्यांकडे वळून हसले.

"म्हणजे बाईचं स्वतःचं काहीच नाही. सगळं देवांनी दिलेलं."

लोक खो खो हसले. माझं टाळकंच सरकलं. खरं सांगते, रडूही येत होतं. रांगोळीनं भरलेले हात तसेच कमरेवर ठेवून मी उभी राहिले.

"दिलं म्हणूनच महिषासुर मेला ना, साहेब? मग तुम्हीपण द्या की."

साहेबांनी नारळ फोडला, प्रसाद वाटला, माझ्याकडे पाहिलंही नाही. गेली आपली नोकरी, असंच वाटलं. दसऱ्याची सुट्टी कशी काढली ते माझं मला ठाऊक.

सुट्टीनंतर कामावर गेले तर साहेब ड्रिल मशीनपाशी उभे. त्यांनी मला जवळ बोलावलं, मशीनची चावी हातात ठेवली आणि म्हणाले, चार दिवस बघतो. पहिल्याच दिवशी मी भोकं पाडायची दोन ड्रिलं मोडली. साहेबांनी तोंड वाकडं केलं. मी तिसरं मागितलं.