रिकामी झालेली जागा

सावर्ड्याला डिप्लोमा करून मी रत्नागिरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला आलो. मेकॅनिकलला एकच जागा रिकामी होती, ती मला मिळाली. घरी पेढे वाटले गेले.

पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी हजेरी घेताना सवयीने एक नाव उच्चारलं आणि घाईने पुढचं नाव घेतलं. शेजारच्या मुलाने नंतर हळूच सांगितलं, "तो मे महिन्यात समुद्रात बुडाला. तुला मिळाली ती जागा त्याचीच."

त्यानंतर वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर उभा राहिलो की मागे कुणीतरी आपल्या पाळीची वाट बघतंय असं वाटायचं. चांगले मार्क पडले की ज्याला कधी पाहिलंही नव्हतं, त्याचीच आधी आठवण यायची.

डिग्री झाली, अंजनवेलच्या वीज प्रकल्पात नोकरी लागली. रुजू होण्याआधी त्या शेजारच्या मित्राला घेऊन मी पावसला त्या बुडालेल्या मुलाच्या घरी गेलो. मी कोण ते मित्राने सांगितलं. त्या मुलाच्या आईने माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "बस रे. दुसऱ्या वर्षापासून पुढे काय काय शिकवलं, ते सांग मला."

मी सांगत गेलो. बॉयलर, टर्बाइन, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. तिला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण ती मध्येच "मग?" म्हणायची.

"नोकरी कुठे लागली?"

"अंजनवेलला."

"लांब पडेल जरा," ती म्हणाली, "पण सुट्टीला घरी येता येईल."

मी हो म्हटलं. तेव्हापासून सुट्टीला पावसलाही जातोय.