एकगाठी लाल, दोनगाठी हिरवी

आमच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमधून रोज सकाळी सातला भट्टीचा धूर निघायचा. दीड महिन्यापूर्वी एका मंगळवारी तो निघाला नाही. मी गॅलरीत उभी होते. थोड्या वेळानं नरसय्या मास्तरांचा मुलगा सायकल हातात धरून चालत फाटकातून आत आला आणि त्याच्या चालण्यावरूनच मला कळलं. मास्तर झोपेतच गेले होते. माझे वडील, अप्पा, ओट्यावर बसून राहिले. एवढंच म्हणाले, "आता रंग कोण बघणार?"

आमचे चादरींचे आठ माग. त्यांचं सूत मास्तर माझ्या जन्माच्या आधीपासून रंगवत होते. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि हात कोपरापर्यंत कायम निळे-जांभळे. मला ते लाडानं 'अम्मा' म्हणत. मी इंग्रजी शाळेत जाणारी, चारचौघांत तोंड न उघडणारी. मास्तरांपाशी मात्र काही न बोलता तासभर बसता यायचं. ते सुताच्या लडी हंड्यात बुडवत, पिळत, बांबूवर टाकत, आणि मी बघत असे.

मी अकरा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाऊ माधवदादा कारखान्यात मदतीला यायला लागला. माझ्यापेक्षा तो तीन वर्षांनी मोठा. एकदा त्यानं विटकरी लडींऐवजी मेंदीच्या पाल्यासारख्या हिरव्या लडी मागावर नेऊन दिल्या. अर्धी चादर विणून झाल्यावर अप्पांच्या लक्षात आलं. "डोळे कुठं ठेवले होतेस?" ते सगळ्यांसमोर ओरडले. मास्तर हात पुसत पुढं आले. "मीच चुकीच्या दिल्या अप्पा. पोराला बोलू नका." दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक लडीच्या टोकाला गाठ दिसायला लागली. लालसर असेल तर एक, हिरवट असेल तर दोन. "आमची जुनी रीत हाय, एकगाठी लाल, दोनगाठी हिरवी," असं त्यांनी दादाला सांगितलं, आणि दादाला ते खरं वाटलं. मला माहीत होतं की त्या दिवसाच्या आधी एकाही लडीला गाठ नव्हती. पण मी कुणाला बोलले नाही... मला कुणी विचारलंही नव्हतं.

दादाला पहिल्यापासून विमानाचं वेड. कॉलेजात एनसीसी, रोज पहाटे पळणं, गाजरं खाणं. हवाई दलाच्या वैमानिकांच्या भरतीचं माहितीपत्रक आलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पत्रक इंग्रजीत, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. अप्पा झोपाळ्यावर, मास्तर उंबऱ्याशी चहा घेऊन. "अम्मा, इंग्लिस काय म्हणतंय ते आमाला बी सांग की." मी सांगत गेले. एका डोळ्याची नजर सहा-सहा हवी, दुसऱ्याची सहा-नऊ चालेल. "माझी दोन्ही सहा-सहा!" दादा म्हणाला. पुढची ओळ होती, रंग अचूक ओळखता आले पाहिजेत, विशेषतः लाल आणि हिरवा. ती मी घाईघाईनं वाचली आणि उंचीच्या ओळीवर गेले. मास्तरांची कपबशी तोंडाजवळ थांबलेली मी पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना शेडमध्ये बोलावलं. बाजेवर दहा लडी पसरलेल्या होत्या. "माधवा, लाल तेवढ्या उचल."

दादा हसला. "गाठी कुठं गेल्या मास्तर?"

"सोडल्या. विमानात कोण गाठ मारून देणार हाय तुला?"

दादानं चार उचलल्या. त्यातल्या दोन हिरव्या होत्या. मास्तरांनी त्या दोन लडींवर बोट ठेवलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "तुला माहीत होतं, सुमे?" मी होय म्हणून मान हलवली. तो चारही लडी तिथंच टाकून निघून गेला.

तरी तो वैद्यकीय तपासणीला गेला. अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग ठिपक्यांचं एक पुस्तक समोर आलं. सगळ्यांना दिसणारा आकडा त्याला दिसला नाही. पाच मिनिटांत सगळं संपलं. परत आल्यावर तो चार महिने शेडकडे फिरकला नाही. मास्तर रोज मला विचारायचे, "जेवला का?" एकदा म्हणाले, "त्याला वाचवाया गाठी मारल्या, अम्मा. तवाच सांगितलं असतं तर त्यानं दुसरं काही मनात धरलं असतं की." ते माझ्याबद्दलही खरं होतं.

त्यानंतर दुष्काळ पडला त्या वर्षी दादाच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांनी त्याला विमानातून काढलेले जमिनीचे फोटो तपासायला दिले. ओढ्यांच्या बुजलेल्या वाटा, खडकातल्या भेगा शोधायच्या. कुठं खणलं तर पाणी लागेल ते ठरवायचं. दोन भिंगांच्या यंत्रातून तो तासन् तास बघत बसे. इतरांना नुसता राखाडी पट्टा दिसे तिथं त्याला सावलीच्या सात-आठ छटा दिसत. एक दिवस तो फोटो घेऊन आपणहून शेडमध्ये गेला. मास्तरांनी हात धोतराला पुसले, फोटो उजेडात धरला. "ह्यात रंगच न्हाय की रे! मग तुला कोण अडवतंय?" दोघं कितीतरी वेळ हसत होते. पुढं वळसंग गावाजवळ दादानं खूण केलेल्या जागी विहिरीला पाणी लागलं, तेव्हा मास्तर बस पकडून ते बघायला गेले आणि बाटलीत भरून घेऊन आले. आता दादाची तीच नोकरी आहे. गाठी मारणं मात्र मास्तरांनी कधी सोडलं नाही. "सवय हाय," म्हणायचे.

मास्तरांच्या दहाव्याला दादा नोकरीच्या गावाहून आला. आम्ही दोघांनी शेड उघडली. मास्तरांनी शेवटच्या दिवशी रंगवलेल्या लडी बांबूवर तशाच वाळलेल्या होत्या. सूत वाळल्यावरच मास्तर गाठी मारत, त्यामुळे या लडींना गाठी नव्हत्या. दादाची बोटं टोकांवरून फिरली आणि थांबली. मग त्यानं एक लड काढून माझ्यासमोर धरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं विचारलं, "सुमे, ही कोणती गं?"

"लाल," मी म्हणाले.

त्यानं टोकाला एक गाठ मारली, आणि पुढची लड काढली.