तुळस हलवली तेव्हापासून

“तिला काढून महिना झाला, पाटील. मशीन अजून हँग होतंय. आता कोणाला काढू?”

डॉक्टर हे म्हणाले तेव्हा मी त्यांच्या रोह्याच्या लॅबबाहेर चपला काढत होतो. रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब. तिथल्या कॉम्प्युटरचा मेंटेनन्स माझ्याकडे. दुकान माझं पेणला, रामवाडीत. पंचवीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे क्लायंटच्या प्रश्नाला उत्तर जिभेवर तयार असतं.

काढलं होतं सुजाताला. कासूहून रोज गाडीने येणारी ऑपरेटर, सहा वर्षं तिथे होती. आणि काढलं होतं माझ्या कागदावरून.

झालं होतं असं. रक्त तपासणारं मशीन, म्हणजे अ‍ॅनालायझर, केबलने कॉम्प्युटरला जोडलेलं असतं. आकडे आपोआप स्क्रीनवर येतात. फेब्रुवारीपासून आकडे येता येताच स्क्रीन गोठायला लागली. माऊस हलेना, की-बोर्ड ऐकेना. बंद करून चालू केलं की तासाभराने पुन्हा तेच. एका गरोदर बाईचा रिपोर्ट असा अडकला, तिला दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली. तिच्या नवऱ्याने लॅब डोक्यावर घेतली.

मग मला फोन. मी गेलो, प्लग काढला, कॉम्प्युटर उचलला आणि रामवाडीला आणला. रॅम बदलली. एसएमपीएस बदलला, म्हणजे आत वीज पुरवणारा भाग. विंडोज नव्याने टाकली. तीन दिवस रात्रंदिवस चालू ठेवला. एकदाही हँग नाही! दुकानात चालतंय आणि लॅबमध्ये अडतंय, मग दोष चालवणाऱ्याचा, असं मी ठरवून टाकलं. सुजाताच्या ड्रॉवरमध्ये गाण्यांचा पेनड्राइव्ह सापडला होता. व्हिजिट रिपोर्टवर ‘कारण’ असा एक रकाना असतो. त्यात लिहिलं, ‘ऑपरेटरची चूक. पेनड्राइव्हमधून व्हायरस.’ व्हायरस मी डोळ्यांनी पाहिला नव्हता. रकाना रिकामा ठेवायची सवय नव्हती, एवढंच.

कॉम्प्युटर परत ठेवायला गेलो तेव्हा सुजाता हळूच म्हणाली होती, “दादा, कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की मुंग्या येतात.”

“एसीत बसून हात गार पडतात, दुसरं काय,” मी हसून म्हटलं होतं. आज ते हसू आठवलं तरी लाज वाटते. आठवड्याभरात तिला घरी बसवलं.

आता महिन्याने डॉक्टर स्वतः खुर्चीत होते. पेनड्राइव्ह नाही, गाणी नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीन गोठली. मी वाकून कॅबिनेटला, म्हणजे त्याच डब्याला, हात लावला आणि मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. लॅबमध्ये सगळेच अनवाणी. माझ्या दुकानात मी बूट घालून बसतो.

मीटर काढला. अर्थिंग म्हणजे मशीनमधून गळणारी वीज जमिनीत सोडणारी वायर. वीज परत नेणारी न्यूट्रल वायर आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दिसायला नको. इथे पन्नासच्या वर. गळकी वीज जमिनीत जायला वाट नाही, म्हणून केबलमधून कॉम्प्युटरमध्ये घुसत होती. माझ्या दुकानात ना ती केबल, ना खराब अर्थिंग, म्हणून तिथे सगळं सुरळीत.

“वायरिंग कोणी केलंय?”

“आरोनमामांनी. इथले जुने वायरमन,” डॉक्टर म्हणाले.

रोह्यात बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, आता मोजकीच घरं. मामांचे मुलगे इस्रायलला गेले, मामा नाही गेले. वय ऐंशीच्या घरात, पण बोलावल्यावर टेस्टर खिशाला लावूनच आले. आत नाही शिरले. लॅबच्या मागच्या बाजूला गेले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“डॉक्टर, तुळस कुठे गेली?”

“पुढे, लॅबच्या बोर्डाखाली कुंडीत लावली. इथे दिवाळीत पार्किंगला सिमेंटचे ब्लॉक टाकले ना.”

“अरे देवा! मग हितं पाणी कोण घालतंय?”

“इथे कशाला पाणी?”

मामा खाली बसले आणि ब्लॉकवर टेस्टर आपटला. “अर्थिंगचा खड्डा हाय हा. आत मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी. माती ओली असेल तरच काम करतो. रोज खड्ड्यात तांब्याभर पाणी घाला म्हटलं तर कोण घालणार? कोणी नाय. आमच्यात तुळस नाय पूजत, पण तुमच्या बायका जन्मभर बघतोय मी. तुळस सुकू देणार नायत. म्हणून खड्ड्याच्या तोंडावरच लावली.”

डॉक्टर ब्लॉकशेजारी वाकले. मग म्हणाले, “सुजाताच घालायची. रोज सकाळी, लॅब उघडल्या उघडल्या.”

चार ब्लॉक उचकटले. माती खडखडीत कोरडी. डॉक्टरांनी स्वतः बादल्या ओतल्या आणि मी आत मीटर धरून बसलो. आकडा उतरत उतरत अर्ध्या तासात दोनवर आला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मशीन एकदाही अडलं नाही.

मी नवा रिपोर्ट लिहिला. ‘कारण: अर्थिंगचा खड्डा कोरडा. ऑपरेटरची चूक नाही. आधीचा रिपोर्ट माझा चुकला.’ खाली सही केली. डॉक्टर म्हणाले, “सुजाताला सोमवारपासून ये म्हणावं. फोन मीच केला असता, पण काय तोंडाने करू?”

पेणला परतताना वाटेत कासूला थांबलो. सुजाताची सासू पडवीत तांदूळ निवडत होती. सुजाता दारात आली, पण बसा म्हणाली नाही. मी कागद पुढे केला.

“मला वाचता येतं, दादा. आईंना वाचून दाखवा. मोठ्याने.”

मी वाचला. सही कोणाची तेही सांगितलं. म्हातारीचा हात सुपात थांबला.

“म्हंजे गाणी ऐकून मशीन नाय बिघडवलं हिने?”

“नाय, आई. मी चुकीचं लिहिलं.”

“महिनाभर आम्ही हिला नाय नाय ते बोललो. अख्ख्या आळीने बोलून घेतलं,” ती म्हणाली. मग सुनेकडे बघून हळूच म्हणाली, “चुकलं गो माझं.” सुजाताने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मला पाणी आणून दिलं ते बऱ्याच वेळाने.

सोमवारी ती कामावर गेली. तुळस आधी जागेवर लावा, मगच येते, एवढंच तिने डॉक्टरांना सांगितलं होतं.

आता कारण सापडलं नसेल तर मी त्या रकान्यात ‘अजून कळलं नाही’ असं लिहितो. परवा पेणचा एक क्लायंट त्यावरून भडकला. “कळलं नाही असं लिहून देता? कोणाची चूक ते एका मिनिटात लिहा की!”

मी म्हटलं, “मिनिटात लिहिता येतं, साहेब. पुसायला मात्र कोणाच्या तरी पडवीत उभं राहून मोठ्याने वाचावं लागतं.”