दोन टक्क्यांचा टूरिस्ट

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या पश्चिमेला तासभर गाडी हाकली की हमरस्त्याकडेला एक गाव लागतं. तिथं गुरुनाथाचं बावीस खोल्यांचं मोटेल. गडी साताऱ्याकडचा. आधी दुसऱ्याच्या मोटेलात चादरी बदलल्या, मग कर्ज काढून मालक झाला. मालक झाला तरी जीभ गावचीच राहिली.

सात नंबरात लॉईड नावाचा म्हातारा वेल्डर राहायचा. बायको गेली, घर गेलं, तसा आठवड्याच्या भाड्यानं इथं आला, तो इथलाच झाला. गुरुनाथाच्या पहिल्याच थंडीत मोटेलातले पाईप गोठले. मालक कपाळाला हात लावून बसलेला, आणि हा म्हातारा दिवसभर पोटावर पडून पाईप शेकत होता. तेव्हापासून गुरुनाथाच्या बायकोची, नंदाची, भाकरी न् ठेचा सात नंबरात जायचा. म्हाताऱ्याचं नाक गळायचं, डोळे गळायचे, तरी "नंडा, आणखी" म्हणून ताट पुढं करायचा.

मग गावातल्या हॉटेलवाल्यांनी टूरिझम डिस्ट्रिक्ट काढलं. नगरपालिकेनं ठराव केला : दर खोलीच्या बिलावर दोन टक्के चढवायचे, सगळे एका पेटीत टाकायचे, आणि त्यातनं जाहिराती करून पाहुणे गावात आणायचे. पेटीची किल्ली हॉटेलवाल्यांच्या कमिटीकडं. कमिटीकडं म्हणायचं आपलं, खरी किल्ली नदीकाठच्या दोन मोठ्या हॉटेलांच्या खिशात.

लॉईडच्या बिलावरही दोन टक्के चढले. गुरुनाथ ओशाळून सांगायला गेला, तर म्हातारा खो-खो हसला.

"म्हणजे आता मी टूरिस्ट! दोन टक्क्यांचा!"

दर सोमवारी भाडं द्यायला आला की काउंटरवर टिचकी मारायचा. "टूरिस्ट आलाय, गुरू."

वर्ष गेलं. जाहिरातीत सगळीकडं नदीकाठचीच हॉटेलं. गुरुनाथाचं टकुरं फिरलं. नगरपालिकेच्या सभेत उभा राहून मोडक्या इंग्रजीत गरजला, "माझे पाहुणे पण पैसे भरतात. माझ्या मोटेलाचा फोटो कुठाय?" लोक हसले, पण कमिटीला कबूल करावं लागलं. पुढच्या पत्रकात मोटेलाचा फोटो येणार होता.

मग काय! गुरुनाथानं दारं रंगवली, फुलांच्या कुंड्या आणल्या, पायऱ्या घासल्या.

"अवो, लगीन हाय का काय कुनाचं?" नंदा म्हणाली.

"गप गं. कळू दे त्यास्नी, आपुन बी कुनीतरी हाय."

फोटोच्या दिवशी सकाळी सात नंबराचं दार उघडलं. लॉईडनं दाढी तासलेली. निळा शर्ट, इस्त्रीच्या घड्या अजून ताज्या. नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी चाकांवरचा सिलिंडर. आपली खुर्ची दारात टाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, पूर्वी लोक फोटोला बसायचे तसा ताठ बसला. पैसे त्यानंही भरलेच होते की.

कमिटीची पोरगी कॅमेरा घेऊन आली. तिच्यासंगं नदीकाठच्या हॉटेलाचा मॅनेजर. पोरीनं विचारलं, "ते कोण? तुमचे गेस्ट?"

मॅनेजर गालातल्या गालात हसत होता. त्या हसण्यात गुरुनाथाला नळी दिसली, सिलिंडर दिसला, आपलं मोटेल नव्हे तर धर्मशाळा दिसली. आणि तोंडातनं निघून गेलं, "छे, मी नाही ओळखत. रस्त्यावरचं कुणीतरी येऊन बसतं असं."

म्हाताऱ्याची छाती निकामी झाली होती, कान नव्हे.

लॉईड उठला. खुर्ची एका हातात, सिलिंडर दुसऱ्या हातानं ओढत आत गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

नंदा चादरींचा ढीग घेऊन मागंच उभी होती. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "ज्यानं तुमचं गोठल्यालं घर शेकलं, त्यो रस्त्यावरचा? मग तुमी कुठलं वो?"

"फोटू बरा याया नको का?" गुरुनाथ म्हणाला. पण आपलाच आवाज त्याला उसना वाटला.

त्या दिवशी भाकरीचं ताट सात नंबरातनं भरलं तसं परत आलं.

सोमवारी लॉईड काउंटरवर आला. टिचकी नाही. पैसे सरकवले. "गुड मॉर्निंग, सर."

इतक्या वर्षांत कधी 'सर' नव्हतं. माफी मागायची म्हणून गुरुनाथानं तोंड उघडलं, पण अंगात दुकानदारी मुरलेली. बाहेर आलं ते भलतंच.

"लॉईड, ते दोन टक्के राहू दे. तुझ्याकडनं नको."

म्हाताऱ्यानं वर बघितलं. "का, सर? रस्त्यावरच्यांना सूट असते?"

पावती खिशात घालून निघून गेला.

पत्रकं छापून आली. फोटो झकास. तकतकीत दारं, कुंड्या, माणूस एकही नाही. गुरुनाथानं गठ्ठा काउंटरखाली ढकलला. नंदानं तो बाहेर काढला आणि वर मांडला, फोटोची बाजू आत, थेट नवऱ्याच्या तोंडासमोर.

"गिऱ्हाइकास्नी मागली बाजू चालंल. फोटू तुमी बघा."

पुढच्या सोमवारी लॉईडनं त्यातलं एक पत्रक उचललं, उलटून निरखलं. "चांगला आलाय, सर," म्हणाला. आणि होतं तसंच, फोटो गुरुनाथाकडं करून, परत ठेवलं.